परदेशातली मिशन ट्रिप: २२ जणांचा गट, दोन विमानबदल, सोबत औषधं आणि अवजारं. तयारी कशी करावी?

मिशन_सचिव

जय ख्रिस्त. आमच्या मंडळीचा (चर्चचा) २२ जणांचा गट परदेशात दोन आठवड्यांच्या मिशन ट्रिपला जाणार आहे. निघायला आठ महिने आहेत. दोन ठिकाणी विमान बदलायचं, मग राजधानीपासून सात-आठ तास रस्त्याने जायचं. भाग ग्रामीण आहे, मलेरियाचा आहे आणि पिवळ्या तापाचाही. यजमान मंडळीची शाळा आहे. तिथल्या दोन वर्गखोल्यांवर छप्पर घालणं, मुलांसाठी सकाळचे वर्ग आणि दोन दिवस आरोग्य तपासणी असं काम ठरतंय. गटात पाच जण अठराच्या खालचे आणि चौघे साठीच्या पुढचे आहेत. त्या चौघांपैकी एक इन्सुलिन घेतात.

समितीत उत्साह आहे, प्रार्थना चालू आहे, पण वाटेत काही बिनसलं तर नेमकं काय करायचं हे कुणीच ठरवलेलं नाही. म्हणून विचारते:

सगळ्यांचं एकच ग्रुप तिकीट काढावं की वेगवेगळी? मधलं विमान चुकून गट फुटला तर? बरेच गट टुरिस्ट व्हिसावर जातात असं ऐकते, ते चालतं का? दान मिळालेली औषधं, ड्रिल मशीन, गिटार, प्रोजेक्टर हे सगळं कसं न्यायचं? आणि आजारपणाची तयारी किती ठेवायची?

ज्यांनी असे गट पाठवले आहेत किंवा आपल्याकडे उतरवून घेतले आहेत त्यांनी सविस्तर लिहावं.

---

विमानमार्ग

सचिवताई, तिकिटाचं आधी सांगतो. वाटेतले निम्मे गोंधळ तिकीट काढतानाच तयार झालेले असतात.

बहुतेक विमान कंपन्या १० किंवा त्याहून जास्त प्रवाशांना ग्रुप बुकिंग देतात. अनामत भरून जागा धरता येतात, नावं नंतर देता येतात आणि तिकीट निघेपर्यंत एखादं नाव बदलता येतं. आठ महिने आधी २२ नावं पक्की नसतात, त्यामुळे तुमच्यासाठी हेच योग्य. अडचण येते ती विमान रद्द झाल्यावर. २२ जण एकाच पीएनआरवर असले की पुढच्या विमानात एकदम २२ जागा शोधल्या जातात आणि त्या मिळत नाहीत. मग काउंटरवर पीएनआर तोडावा लागतो. हे काम घाईत झालं की पंधरा वर्षांचा मुलगा एका विमानात आणि त्याची जबाबदारी घेतलेला माणूस दुसऱ्या विमानात, अशी वेळ येते.

म्हणून गट कसा फुटेल हे घरीच ठरवा. पाच-सहा जणांच्या चार तुकड्या करा. प्रत्येक तुकडीत एक प्रमुख आणि परदेश प्रवासाची सवय असलेला आणखी एक प्रौढ हवा. अल्पवयीन मुलं आपापल्या पालक-प्रतिनिधीबरोबर, नवरा-बायको एकत्र, इन्सुलिनवाल्यांबरोबर त्यांचा आजार समजणारी व्यक्ती. प्रत्येक तुकडीकडे स्वतंत्र पाकीट द्या: सगळ्यांच्या पासपोर्टच्या प्रती, यजमानांचा पत्ता आणि दोन फोन नंबर कागदावर छापून, दोन रात्री निभतील इतके पैसे, आपल्या मुलांची संमतीपत्रं, छोटी औषधपेटी. सगळी कागदपत्रं गटप्रमुखाच्या एकाच बॅगेत ठेवू नका. विमान रद्द झालं की काउंटरवर तुकड्यांची यादी पुढे करा आणि "पीएनआर असा तोडून द्या" म्हणून सांगा. कर्मचाऱ्याचंही काम सोपं होतं आणि निर्णय तुमच्या हातात राहतो.

मधल्या थांब्याचा वेळ. विमानतळावर जो किमान कनेक्शन टाइम ठरलेला असतो तो एकट्या, भराभर चालणाऱ्या प्रवाशाला पुरतो. २२ जणांना सुरक्षा तपासणीतून बाहेर पडायलाच बराच वेळ लागतो, आणि त्यात कुणासाठी व्हीलचेअर मागवली असेल तर आणखी. साडेतीन ते चार तास धरा. शेवटचं विमान दिवसातलं अखेरचं नसावं. आठवड्यातून दोन-तीनदाच जाणारं विमान असेल तर एक मुक्काम आधीच हिशोबात धरा. राजधानीत सकाळी उतरणारं विमान थोडं महाग पडलं तरी तेच घ्या, म्हणजे रस्त्याचा प्रवास उजेडात होईल.

पहिल्या विमानतळापासून शेवटच्यापर्यंत एकच तिकीट हवं. दोन वेगळी तिकिटं जोडून पैसे वाचवले आणि पहिलं विमान उशिरा पोचलं, तर दुसरी कंपनी तुम्हाला "प्रवासी आलाच नाही" असं धरते. शिवाय मध्ये सामान काढून पुन्हा द्यावं लागतं. त्यासाठी इमिग्रेशन पार करावं लागतं, म्हणजे त्या देशाचा व्हिसा लागतो. आणखी एक: एखादा सदस्य दुसऱ्या शहरातून मधल्या थांब्यावर गटात येणार असेल तर त्याला गटाचंच तिकीट देऊ नका. पहिला टप्पा सोडला की पुढचे सगळे टप्पे रद्द होतात, परतीचाही.

अडकलात तर हक्क कुठला लागू होतो हे मार्गावर ठरतं. युरोपीय संघातून निघणाऱ्या विमानांना नियम २६१/२००४ लागू आहे. मोठा खोळंबा झाला तर जेवण आणि निवास कंपनीने द्यायचा. २०१० च्या एप्रिलमध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपचं आकाश बंद झालं होतं. तेव्हाच्या एका खटल्यात युरोपीय न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केलं की कारण असाधारण असलं तरी ही जबाबदारी सुटत नाही. सगळ्या देशांत असा कायदा नाही, त्यामुळे पावत्या जपा आणि विमा वेगळा काढाच.

आता सामान. प्रत्येकाची बॅग फक्त त्याचीच ठेवू नका. दोघा-दोघांची जोडी करून निम्मे कपडे एकमेकांच्या बॅगेत टाका, म्हणजे एक बॅग हरवली तरी कुणी उघडा पडत नाही. कामाच्या साहित्याचंही तसंच: सगळे स्क्रू एका बॅगेत आणि ती बॅग दुसऱ्या खंडात, असं झालं तर काम थांबतं. बॅग २३ किलोची मर्यादा ओलांडली तर जादा पैसे लागतात. ३२ किलोच्या वर गेली तर बहुतेक विमानतळांवर ती घेतच नाहीत, कारण उचलणाऱ्या कामगारांच्या पाठीचा प्रश्न असतो.

बॅग आली नाही तर सामानपट्ट्याचा हॉल सोडण्याआधी पीआयआर, म्हणजे तक्रार नोंद, करून घ्या. त्यावर यजमानांचा स्थानिक नंबर लिहा. तुमचा घरचा नंबर तिथे बंद असेल. मॉन्ट्रियल करारानुसार मोडतोडीची लेखी तक्रार बॅग मिळाल्यापासून ७ दिवसांत आणि उशिरा मिळालेल्या बॅगेची २१ दिवसांत करायची असते. २१ दिवसांत बॅग आली नाही तर ती हरवली असं धरता येतं. भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून प्रतिप्रवासी १,५१९ विशेष आहरण अधिकार (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक) आहे. प्रोजेक्टर, लॅपटॉप, डॉक्टरांची उपकरणं या मर्यादेत बसत नाहीत, म्हणून ती हातातल्या बॅगेत.

ड्रिल मशीनबद्दल नीट वाचा. मशीन चेक-इन बॅगेत जातं, सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेत. बॅटरीच्या धातूच्या टोकांवर चिकटपट्टी लावायची. १०० वॅट-तासांपर्यंत सहसा परवानगी लागत नाही, १०० ते १६० मध्ये कंपनीची मंजुरी घेऊन दोनच नेता येतात, त्यावर अजिबात नाही. हिशोब सोपा आहे: व्होल्ट गुणिले अँपिअर-तास. १८ व्होल्ट ५ अँपिअर-तासांची बॅटरी ९० वॅट-तासांची होते. २०,००० एमएएचची पॉवर बँक ३.७ व्होल्टने ७४ वॅट-तास. रंग, थिनर, पीव्हीसी पाइपचं सॉल्व्हंट सिमेंट, गॅसची डबी हे ज्वालाग्राही आहे. विमानात कुठेच चालत नाही, तिथे विकत घ्या.

गिटार कडक पेटीत, तारा थोड्या सैल करून.

---

दस्तऐवज

व्हिसाच्या प्रश्नाला थेट उत्तर देते: काम धार्मिक किंवा स्वयंसेवेचं असेल आणि त्या देशाचा कायदा त्यासाठी वेगळा परवाना मागत असेल, तर टुरिस्ट व्हिसावर जाऊ नका. "सगळे जातात" हे कारण इमिग्रेशनच्या खिडकीवर चालत नाही आणि मंडळीतही चालू नये. सुवार्ता सांगायला निघालेला माणूस फॉर्मवर पहिलीच ओळ खोटी लिहितो, हे मला मान्य होत नाही. व्यवहारातही त्याची किंमत यजमान मोजतात. तुम्ही परत पाठवले जाता, पण चौकशी त्यांच्या नोंदणीची होते.

देशागणिक फरक फार आहे. केनियात जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवासपरवानगी आहे आणि ती प्रत्येकाला, लहान मुलांनाही, स्वतंत्र काढावी लागते. पण ती परवानगी म्हणजे काम करण्याचा परवाना नव्हे. धार्मिक आणि धर्मादाय कामासाठी तिथे वेगळ्या वर्गाचा परवाना आहे, थोड्या मुदतीसाठी स्पेशल पास असतो. टांझानियात मिशनरी आणि स्वयंसेवक क वर्गाच्या निवास परवान्यात येतात. नेपाळमध्ये २०१७ च्या फौजदारी संहितेचं कलम १५८ धर्मांतर करवणाऱ्याला ५ वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० नेपाळी रुपयांपर्यंत दंड सांगतं. परदेशी व्यक्तीला शिक्षेनंतर ७ दिवसांत देशाबाहेर काढतात. तुमचा देश कुठला हे तुम्ही लिहिलं नाहीत, म्हणून त्या देशाच्या दूतावासाला लेखी विचारा. ईमेलमध्ये कामाचं स्वरूप जसंच्या तसं लिहा: छप्पर, मुलांचे वर्ग, उपासना, आरोग्य तपासणी. आलेलं उत्तर छापून प्रत्येक तुकडीच्या पाकिटात ठेवा.

यजमान मंडळीचं निमंत्रणपत्र लेटरहेडवर हवं. त्यात त्यांचा नोंदणी क्रमांक, तुमच्या २२ जणांची नावं पासपोर्टप्रमाणे, तारखा, राहण्याचा पत्ता आणि खर्च कोण करणार, हे सगळं असावं. २२ जणांनी खिडकीवर एकच गोष्ट सांगावी. ती खरी असली की पाठ करावी लागत नाही.

ट्रान्झिट व्हिसा हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. अमेरिकेत विमानतळाबाहेर न पडता दुसऱ्या देशाला जाण्याची सोयच नाही. नुसतं विमान बदलायलाही प्रवेशाची परवानगी लागते. ब्रिटन काही राष्ट्रीयत्वांकडून बाहेर न पडताही व्हिसा मागतं. गटात वेगवेगळ्या देशांचे पासपोर्ट असतील तर प्रत्येकाचं वेगळं तपासा, जातानाचं आणि येतानाचं.

पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने आणि किमान दोन कोरी पानं. आज सगळ्यांचे पासपोर्ट मागवून बघा, सहा आठवडे उरल्यावर नव्हे. फॉर्ममधलं नाव पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात त्यांच्याशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. आडनावाचा रकाना रिकामा असलेल्या पासपोर्टवर तिकीट आणि व्हिसा यांत नाव वेगळं पडतं आणि माणूस चेक-इनवर अडतो.

अठराखालच्या पाचही मुलांसाठी दोन्ही पालकांचं नोटरी केलेलं संमतीपत्र, जन्मदाखल्याची प्रत, आणि उपचाराला संमती देण्याचा अधिकार कुणाला दिला आहे ते नावानिशी. त्या पालक-प्रतिनिधीला काही झालं तर दुसरा कोण, हेही त्यातच.

दानाच्या वस्तू: २२ बॅगांत सारख्याच दोनशे वह्या किंवा तीस टॅब्लेट निघाले तर कस्टम्सला तो व्यापारी माल वाटणारच. वस्तू, नग, अंदाजे किंमत अशी यादी करा. शुल्कमाफी हवी असेल तर नोंदणीकृत यजमान संस्थेने माल येण्याआधी तिथे अर्ज करायचा असतो, विमानतळावर पोचल्यावर ती मिळत नाही. "माझ्या वापरासाठी" असं कुणी सांगू नये.

रोख रकमेचं: १०,००० डॉलर किंवा त्याच्या आसपासच्या रकमेवर अनेक देश घोषणा मागतात. युरोपीय संघात ती मर्यादा १०,००० युरो. घोषणा केल्याने कर लागत नाही. मात्र घोषणा टाळायची म्हणून रक्कम गटात वाटून नेणं हाच अमेरिकेसारख्या देशांत गुन्हा ठरतो. बांधकामाचे पैसे बँकेतून आधीच यजमान संस्थेच्या खात्यावर पाठवा. सोबत न्यायच्या नोटा नव्या मालिकेच्या आणि कोऱ्या असाव्यात. फाटक्या, शाईच्या खुणांच्या, जुन्या डॉलर नोटा पूर्व आफ्रिकेत नाकारतात.

आणि प्लॅस्टिक पिशव्या. केनियात ऑगस्ट २०१७ पासून आणि टांझानियात जून २०१९ पासून त्यांवर बंदी आहे. सामान बांधताना कापडी पिशव्या वापरा.

---

मिशन_सचिव

विमानमार्ग, दस्तऐवज, दोघांचे आभार. तुकड्यांची कल्पना समितीपुढे ठेवते. औषधांचं विचारायचं राहिलंच: सदस्यांनी घरातून उरलेली औषधं मोठ्या प्रमाणात आणून दिली आहेत, चांगल्या कंपन्यांची आहेत. दोन डॉक्टर बरोबर आहेत, मग ती वाटायला हरकत नसावी ना?

---

शुश्रूषा

हरकत आहे, ताई. उरलेली, उघडलेल्या पाकिटातली, कुणीतरी परत केलेली औषधं न्यायचीच नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेची औषधदानाची मार्गदर्शक तत्त्वं तेच सांगतात: घेणाऱ्याने मागितलेलीच औषधं द्यायची, पोचल्यावर किमान एक वर्षाची मुदत शिल्लक हवी, लेबल तिथल्या आरोग्यसेवकांना वाचता येईल अशा भाषेत आणि औषधाच्या मूळ नावाचं. त्यामागे अनुभव आहे. नको असलेल्या औषधांची छाननी आणि विल्हेवाट लावण्यात तिथल्याच दवाखान्याचे पैसे आणि माणसं खर्ची पडतात. यजमानांच्या आरोग्य केंद्राकडून लागणाऱ्या औषधांची यादी मागवा आणि शक्य तितकी त्याच देशात विकत घ्या.

डॉक्टर बरोबर असणं पुरेसं नाही. परदेशी डॉक्टरला तात्पुरता परवाना लागतो. केनियात तो त्यांची वैद्यकीय परिषद देते, इतर देशांत तिथली संस्था. अर्जाला प्रमाणपत्रांच्या साक्षांकित प्रती लागतात आणि त्याला महिने जातात. तपासणी तिथल्या परिचारिकेबरोबर करा, नोंदी तिच्या वहीत राहू द्या. रक्तदाब तपासून महिन्याच्या गोळ्या दिल्या आणि दुसऱ्या महिन्यात कुणीच नाही, असं झालं तर त्या माणसाचं नुकसान केलंत असं मी म्हणेन. पुढे औषध कुठून मिळणार हे ठाऊक नसेल तर ते सुरूच करू नका, त्या केंद्राकडे पाठवा.

लसी. पिवळ्या तापाची लस प्रवेशाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते, प्रमाणपत्र त्यानंतरच वैध होतं. जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं, दर १० वर्षांनी पुन्हा घ्यायची अट गेली. लक्षात ठेवा: साठीच्या पुढे पहिल्यांदाच ही लस घेणाऱ्यांना गंभीर दुष्परिणामांचा धोका जास्त असतो. तुमच्या चौघांनी आत्ताच ट्रॅव्हल क्लिनिकमध्ये जावं. लस देता येत नसेल तर अधिकृत सूटपत्र मिळतं, पण प्रत्येक देश ते मान्य करेलच असं नाही, आणि अशा व्यक्तीने त्या भागात जावं का हाही प्रश्न आहेच. धोक्याच्या देशात विमानतळावर १२ तासांपेक्षा जास्त थांबलात तरी पुढचा देश प्रमाणपत्र मागू शकतो. हिपॅटायटिस ए आणि टायफॉइड किमान दोन आठवडे आधी. धनुर्वाताचा डोस १० वर्षांच्या आतला आहे ना ते पाहा, पत्रे आणि खिळ्यांचं काम आहे.

मलेरियाच्या गोळ्या सगळ्यांना एकच असतील असं नाही. अटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल जाण्याआधी एक-दोन दिवस सुरू करून परतल्यावर ७ दिवस, जेवणाबरोबर. डॉक्सिसायक्लिन परतल्यावर ४ आठवडे. ती भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. तिच्याने उन्हाचा त्रासही वाढतो, छपरावर काम करणाऱ्यांनी हे विसरू नये. मेफ्लोक्विन किमान दोन आठवडे आधी सुरू होते, परतल्यावर ४ आठवडे चालते, आणि नैराश्य किंवा फिट्स असलेल्यांना देत नाहीत. गोळ्यांबरोबर मच्छरदाणी आणि २० ते ५० टक्के डीईईटीचं (डास दूर ठेवणारं रसायन) मलम. मलेरियाचा डास संध्याकाळ ते पहाट चावतो.

पाणी: खळखळून उकळी फुटल्यावर १ मिनिट, २,००० मीटरच्या वर ३ मिनिटं. गढूळ असेल तर आधी गाळून घ्या. दात घासायलाही तेच. २२ जणांना रोज किती पाणी लागतं हे आधी मोजा: उन्हात काम करणाऱ्याला नुसतं प्यायलाच चार-पाच लिटर लागतं. इतकं उकळून थंड करणं ही एका माणसाची रोजची नेमणूक आहे, ती यजमानांच्या स्वयंपाकघरावर टाकू नका.

जुलाब होणारच असं धरून चला. ओआरएसची पाकिटं माणशी सहा तरी. संपली तर १ लिटर स्वच्छ पाण्यात सपाट ६ चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा. लोपेरामाइड लांबच्या बसप्रवासासाठी ठीक, पण ताप असेल किंवा शौचात रक्त असेल तर घ्यायचं नाही, तेव्हा डॉक्टरच.

इन्सुलिन हातातल्या बॅगेत, दोन तुकड्यांकडे निम्मं निम्मं. सामानकक्षात ते गोठू शकतं आणि गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं. डॉक्टरांचं पत्र औषधाच्या मूळ नावासह ठेवा. पेनच्या सुया, ग्लुकोमीटर, साखरेचे पदार्थ लागतील त्याच्या दुप्पट घ्या. वेळेचा फरक मोठा असेल तर मात्रा कशी बदलायची ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या, विमानात बसून अंदाज करू नका.

वैयक्तिक औषधं मूळ वेष्टनातच. ट्रामाडोल, कोडीन, डायझेपाम यांवर अनेक देशांत कडक नियंत्रण आहे. सर्दीच्या गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन जपानमध्ये ठराविक प्रमाणाच्या वर चालत नाही. जिथे फक्त विमान बदलणार तिथलाही नियम पाहा.

कुत्रा किंवा माकड चावलं, नुसतं खरचटलं तरी: वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी लसीच्या ठिकाणी निघायचं. रेबीजची लस आणि इम्युनोग्लोब्युलिन सगळ्यात जवळ कुठे मिळतं, ही चौकशी निघण्याआधी करा. छोट्या गावात ते नसतं.

---

छप्परवाला

छपराबद्दल थोडक्यात. काँक्रीटचा स्लॅब म्हणत असाल तर दोन आठवड्यांत विचार सोडा. स्लॅबला कमीत कमी आठवडाभर पाणी मारावं लागतं, खालचे टेकू त्याहूनही जास्त दिवस ठेवावे लागतात, आणि पूर्ण ताकद २८ दिवसांची धरतात. तुम्ही निघून जाल आणि टेकू कुणीतरी घाईने काढेल.

पत्र्याचं छप्पर दोन आठवड्यांत होतं, एका अटीवर: भिंती आणि त्यावरचा पट्टा-बीम तुम्ही पोचण्याच्या महिनाभर आधी तयार, आणि पत्रे, लाकूड किंवा लोखंडी कैच्या (छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे) जागेवर येऊन पडलेल्या. यजमानांकडून मालाचे फोटो मागवा. कैच्या बीममध्ये पुरलेल्या सळईला किंवा पट्टीला बांधलेल्या हव्यात, नुसत्या टेकवलेल्या नकोत. वादळात छप्पर वजनाने खाली येत नाही, वाऱ्याने वर उचललं जातं. नालीदार पत्रा शेजारच्या पत्र्यावर बाजूने दीड नाळ (पत्र्याची लाट) चढलेला हवा, टोकाला १५० मिलिमीटर तरी. स्क्रू रबरी वॉशरसह नाळेच्या उंचवट्यावर. खोलगट भागात मारला की तिथूनच गळतं.

काम तिथल्या मिस्त्रीच्या हाताखाली करा आणि मजुरी त्याला पूर्ण द्या. तुमचे बावीस हात फुकट राबले म्हणून गावातल्या चार सुतारांचं काम गेलं, असं होऊ नये. अठराखालच्यांना आणि ज्याला उंचीवर कामाची सवय नाही अशा कुणालाही वर चढवू नका. खाली पत्रे पोचवणं, रंग, साफसफाई हे काम भरपूर असतं. हार्नेस इथूनच न्या.

विम्याची पॉलिसी काढून "शारीरिक श्रम" आणि "उंचीवरचं काम" हे शब्द शोधा. साध्या प्रवास विम्यात दोन्ही वगळलेले असतात. शिडीवरून पडलेल्याचा दावा तिथेच फेटाळला जातो.

---

उतारा_घर

आलेल्या गटांची सोय पाहणाऱ्या बाजूने लिहितो. वरचे सगळे मुद्दे बरोबर आहेत, पण एक प्रश्न अजून कुणी विचारलेला नाही: हे काम कुणी ठरवलं? छप्पर, मुलांचे वर्ग, तपासणी ही यजमानांनी मागितलेली गरज आहे की तुमच्या समितीने सुचवलं आणि ते संकोचाने हो म्हणाले? पाहुण्या मंडळीला नाही म्हणणं गरीब मंडळीला फार जड जातं. त्यांच्या पाळकांना (पास्टरांना) असं विचारा: "आम्ही आलो नाही आणि प्रवासाचा खर्च तुम्हाला दिला, तर तुम्ही त्याचं काय कराल?" उत्तर ऐकून कार्यक्रम पुन्हा मांडा. कधी बावीसऐवजी आठ जणांनी यायचं ठरतं, आणि तेही चांगलं.

दोन आठवड्यांतले पहिले दोन दिवस मोकळे ठेवा. प्रवासाने दमलेली माणसं, हरवलेल्या बॅगा, बदललेली वेळ हे सगळं त्यात जिरतं. शेवटचा एक दिवस राजधानीत मोकळा ठेवा, रस्ता बंद पडला तर विमान चुकणार नाही.

रस्त्याबद्दल मी आग्रहाने सांगतो. परदेशात निरोगी प्रवाशांचे जीव घेण्यात रस्ते अपघात सगळ्यात पुढे आहेत, साप किंवा साथीचे रोग नव्हेत. सूर्यास्तानंतर गाडी चालवायची नाही. सात-आठ तासांसाठी दोन चालक. प्रत्येक आसनाला पट्टा आहे का ते गाडी ठरवतानाच विचारा. गाडी लहान निघाली म्हणून मधल्या वाटेत स्टूल टाकू नका. सामान टपावर रचलं तर वळणावर गाडीचा तोल जातो, सामानाला वेगळी गाडी करा. उशीर झाला तर वाटेत मुक्काम करायचा, हा निर्णय कोण घेणार ते एकाच व्यक्तीवर ठरवून ठेवा आणि त्यावर गाडीत चर्चा नको.

मुलांच्या वर्गांत कुणीही प्रौढ एकटा मुलाबरोबर नसावा, नेहमी दोघे, दार उघडं. सगळ्यांची पार्श्वभूमी तपासून घ्या, मंडळीत कितीही वर्षं ओळखीचे असले तरी. मुलांचे फोटो पालकांच्या आणि शाळेच्या परवानगीशिवाय नाही. नाव आणि गाव लिहून समाजमाध्यमांवर तर नाहीच. अनाथाश्रमाची भेट कार्यक्रमात असेल तर काढून टाका. २०१९ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने बालहक्कांच्या ठरावात अनाथाश्रमांतल्या स्वयंसेवेमुळे होणाऱ्या हानीचा उल्लेख केला आहे. पाहुण्यांच्या देणग्या येत राहाव्यात म्हणून आईवडील असलेली मुलंही तिथे ठेवली जातात.

मूल कितीही अडचणीत दिसलं तरी त्याला आपल्याबरोबर कुठेही न्यायचं नाही. जानेवारी २०१० मध्ये हैतीच्या भूकंपानंतर दहा अमेरिकी बॅप्टिस्ट सेवकांना ३३ मुलांना डॉमिनिकन प्रजासत्ताकात नेताना सीमेवर अटक झाली. कागदपत्रं नव्हती आणि त्यातल्या बऱ्याच मुलांचे पालक हयात होते. मदतीची इच्छा होती, पण त्यांच्यावर मुलांच्या अपहरणाचा आरोप ठेवला गेला.

भेटवस्तू हातोहात वाटू नका. सगळं यजमानांकडे सोपवा, ते कुणाला काय हवं ते जाणतात. पैसे मागणारे तुम्हाला एकेकट्याने गाठतील. सगळ्यांचं एकच उत्तर असावं की देणं पाळकांच्या आणि मंडळीतल्या वडीलजनांच्या हातून होतं. परतल्यावर परस्पर पैसे पाठवायला लागलात तर गावात मंडळीत भांडण लागतं.

---

मिशन_सचिव

उतारा_घर, तुमचा प्रश्न पाळकांच्या पत्रात जसाच्या तसा घालते. एक शेवटचं: परत आल्यावर काही पाळायचं असतं का?

---

शुश्रूषा

हो. गोळ्या मधेच बंद करू नका, घरी पोचल्यावर लोक नेमक्या त्याच विसरतात. तुकडीप्रमुखाने शेवटच्या गोळीपर्यंत रोज संदेश पाठवावा. पिवळ्या तापाचं प्रमाणपत्र परतीच्या विमानतळावरही मागतात. नसेल तर प्रवाशाला ६ दिवसांपर्यंत अलग ठेवण्याचा नियम आहे, म्हणून ते पासपोर्टच्या कव्हरमध्येच राहू द्या.

ताप आला तर, सर्दीसारखा वाटला तरी, त्याच दिवशी रक्ततपासणी करा आणि डॉक्टरांना पहिलंच वाक्य सांगा की मलेरियाच्या भागातून आलो आहे. गोळ्या नियमित घेतल्या असल्या तरी. पहिले तीन महिने याची खास काळजी, पण त्यानंतर वर्षभरातही ताप आला तर ट्रिपचा उल्लेख करा. हे छोट्या कार्डावर छापून २२ जणांना आणि त्यांच्या घरच्यांना द्या, कारण ताप चढलेला माणूस स्वतः नीट सांगू शकेलच असं नाही.